शेख नव्हे, शेक

भूगोल शिकवताना मी वाळवंट नेहमी पिवळ्या खडूने काढत आले. विमान अबूधाबीवर खाली येऊ लागलं तेव्हा कळलं, की खडू चुकीचा होता. वाळवंट पिवळं नसतं, करपलेल्या पिठल्याच्या कडेसारखं असतं. त्याला लागूनच निळंशार पाणी पाहिलं आणि साताऱ्याहून इथवर आल्याचं सार्थक झालं. डावीकडची अक्कलदाढ तेव्हाही थोडी कुरकुरत होती, पण प्रवासात कोण लक्ष देतं?

विमानतळावर धाकटी बहीण नंदा, तिचे यजमान विलासराव आणि बारा वर्षांची ईशा असा सगळा गोतावळा हजर होता. सहा वर्षांनी भेटत होतो आम्ही. ईशा पाया पडली आणि "हाऊ वॉज द फ्लाइट, मावशी?" असं विचारून मोकळी झाली. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा करार पहिल्याच दिवशी ठरून गेला.

बुधवारी विलासराव मला मुसफ्फ्याला घेऊन गेले. शहराबाहेरची ही कारखान्यांची वसाहत. पत्र्याच्या उंच शेड, वेल्डिंगच्या ठिणग्या, आणि कामगारांच्या बसेसवर बसलेली जाड धूळ. काचेच्या इमारतींपेक्षा मला हेच जास्त आवडलं, कारण त्या इमारती कुठून येतात ते इथे दिसत होतं. विलासरावांच्या ऑफिसात त्यांच्या अरब साहेबांनी गहवा (वेलची घातलेली, बिनसाखरेची कॉफी) आणि खजूर पुढे केला. आपल्याकडे पाकिटातला खजूर बिया काढलेला मिळतो, त्या भरवशावर मी कचकन चावा घेतला. बी थेट अक्कलदाढेवर बसली. डोळ्यांपुढे मुसफ्फ्यातल्या सगळ्या ठिणग्या एकदम चमकल्या. साहेबांनी आनंदाने "सिस्टर, वन मोअर" म्हणत आणखी एक खजूर दिला आणि तोही मी उजव्या बाजूने हसत हसत खाल्ला.

पाहुणीने आल्याआल्या घर डोक्यावर घेऊ नये, म्हणून मी गप्प राहिले. सोबत आणलेल्या गोळ्या घेतल्या, दाढेत हिंग भरला. नंदाला फक्त डोकं दुखतंय असं सांगितलं, तर तिने तिच्याकडच्या गोळ्या दिल्या. त्याही घेतल्या. दाढेचं शुक्रवारी सांगू, म्हणजे डॉक्टरकडे जाता येईल, असा माझा हिशेब. शुक्रवार हा तेव्हा तिथला रविवार होता हे भूगोलाच्या बाईंच्या लक्षातच आलं नाही.

गुरुवारी दुपारी आरशात पाहिलं, तर डावा गाल लिंबाएवढा फुगलेला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ईशाला म्हटलं, "आईला सांग, मावशीला शेक हवाय."

ती गोंधळली. "व्हिच शेख, मावशी?"

एवढ्या ठणक्यातही मला हसू फुटलं आणि हसल्याची शिक्षा दाढेने तिथल्या तिथे दिली. नंदाने मात्र माझा गाल पाहिला, मुकाट्याने तवा तापवला आणि फडक्याची घडी घेऊन आली. ती घडी गालाजवळ आणता आणता तिचा हात थांबला.

"ताई, भाऊंचं असंच झालं होतं."

भाऊ म्हणजे आमचे वडील. नंदा तेव्हा ईशाएवढी होती, मी मॅट्रिकला. दाढेचं दुखणं म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. गाल सुजला, मग सूज गळ्याकडे उतरली. आई रात्रभर मिठाच्या पुरचुंडीने शेकत बसली होती. पहाटे तिचा डोळा लागला आणि पुरचुंडी थंड पडली. तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत भाऊंना पाणी गिळवेना, श्वास घेववेना. ते परत आलेच नाहीत. आई त्यावर आजवर एकच वाक्य बोलत आली: माझा डोळा लागला.

नंदाने तवा ओट्यावर ठेवला आणि विलासरावांना फोन लावला. संध्याकाळी आम्ही दाताच्या दवाखान्यात पोहोचलो, तेव्हा तो बंदच होत होता. डॉक्टर रीम, दमास्कसच्या बाई, पर्स खांद्याला लावून निघाल्या होत्या. माझा गाल बघून पर्स खाली ठेवली. तोंडात बॅटरी मारून त्या म्हणाल्या, "दिर्स-अल-अक्ल." मला त्यातली अक्कल तेवढी समजली. म्हणजे अक्कलदाढेला तेही अक्कलदाढच म्हणतात, आणि तो अक्कल शब्द तर आपण त्यांच्याकडूनच उचललेला. दाढेत पू झाला होता. त्यांनी अँटिबायोटिक लिहून दिलं आणि शनिवारी सकाळी पहिला नंबर मला दिला.

माझ्या दोन्ही गोळ्यांची पाकिटं त्यांनी शेजारी शेजारी धरली. नावं वेगळी, औषध एकच, पॅरासिटामॉल. दोन्ही घेतल्या तर लिव्हरवर बेतेल, म्हणाल्या. एकच घ्यायची, पाकिटावर लिहिलंय तितकीच. मला पित्ताचा त्रास आहे हे ऐकून दुसरी कुठलीही वेदनाशामक गोळी मनाने घ्यायची नाही, अशी ताकीद दिली. हिंग बंद, शेकही बंद. गालावर बाहेरून थोडा थोडा वेळ थंड धरायचं, कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच चुळा भरायच्या, डोकं उंच ठेवून झोपायचं. मग नंदाकडे वळून त्या सावकाश म्हणाल्या, "ताप चढला, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास जड झाला, किंवा सूज डोळ्याकडे नाहीतर गळ्याकडे सरकली, तर शनिवारची वाट बघायची नाही. यल्ला (चला), सरळ हॉस्पिटल."

नंदाने ते पाठच केलं. शुक्रवारी ठरल्याप्रमाणे आम्ही समुद्रकाठच्या कॉर्निशवर गेलो. ईशाने फ्रीजमधली मटारची पिशवी टॉवेलात गुंडाळून आणली होती. समोर निळं पाणी, खजुरीच्या सावलीत पसरलेली पाकिस्तानी, मल्याळी, फिलिपिनो कुटुंबं, आणि मी गालाला मटार लावून बसलेली. दहीभात आणि लबन (तिथलं घट्टसर ताक) एवढंच खात होते. नंदा दर थोड्या वेळाने कपाळाला हात लावायची आणि पाण्याचा पेला पुढे करायची. "गीळ बघू." मी गिळायचे. ती माझ्या गळ्याकडे टक लावून बघत राहायची. मला भीती वाटत होती, पण तिच्या चेहऱ्यावरची बघून माझी सांगवेना.

संध्याकाळपर्यंत ठणका थोडा उतरला. सूज होती तिथेच राहिली, गळ्याकडे उतरली नाही. नंदाने पहिल्यांदाच स्वतःचं ताट वाढून घेतलं.

शनिवारी दाढ निघाली. "खलास," डॉक्टर रीम म्हणाल्या आणि ती मला दाखवली. तोंडात कापसाचा बोळा असल्यामुळे भाऊंची गोष्ट नंदानेच त्यांना सांगितली, पुरचुंडी थंड पडल्यापर्यंत सगळी. बाईंनी हातमोजे काढून ठेवले. मग त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, "शेकाने पू बरा होत नाही. त्यांना औषध आणि ऑपरेशन हवं होतं. आईंना सांगा, पुरचुंडी थंड पडल्यामुळे काहीच बिघडलं नाही. मी तर थंडच लावायला सांगते."

पुढचे दिवस मजेत गेले. सोन्याचा बाजार पाहिला, वाळूच्या टेकडीवरून घसरले, बिया काढून खजूर खाल्ला. पण परतीच्या विमानात मी वाळवंटाकडे पाहिलंसुद्धा नाही. बाईंचं ते वाक्य मनात घोळवत होते, आईपुढे कसं मांडावं म्हणून.

आईने दारातच माझा गाल चाचपला. नंदाने फोनवर सांगितलं असणार.

"शेक घेतलास ना नीट?"

मी तिला पलंगावर बसवलं आणि सगळं सांगितलं, मटारच्या पिशवीपासून डॉक्टरीणबाईंच्या शब्दापर्यंत. ती खाली बघून पदराच्या टोकाची घडी घालत राहिली.

"म्हणजे माझा डोळा लागला, ते..."

"त्याने काही झालं नाही, आई. तू जागी असतीस तरी तेच झालं असतं."

तिने पदर सोडला. मग म्हणाली, "पडते मग जरा."

दुपारी आईला मी आडवं झालेलं कधी पाहिलं नव्हतं. ती दिवेलागणीपर्यंत झोपली.