धनुकलीची तांत

सखाराम गेल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं. मी आता अकोल्याला असतो, वऱ्हाडातल्या आमच्या मालेगावहून कुणी पत्र टाकायची तसदी घेतली नाही. बातमी दोन ओळींची. ‘लग्नकार्यात सुरेल फिडल वाजवणारे सखाराम मास्तर...’ लग्नकार्यात! अहो, हा माणूस जन्मात कुठल्या लग्नात वाजवायला बसला नाही. स्वतःच्यासुद्धा! तीन आठवडे झाले, माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

मालेगावच्या शाळेत आम्ही एकाच वर्षी लागलो. मी चित्रकलेला, तो गणिताला. किन्हीराजाच्या शेतकऱ्याचा पोरगा. मिशनच्या पाद्रीणबाईनं त्याला विलायती स्वरलिपी शिकवली होती, आणि मायदेशी परतताना पाद्र्यानं एक जुनं फिडल आणि छापील कागदांची पेटी त्याच्या हवाली केली. पेटीत होतं दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं इटलीतलं वादन, ज्याला तिकडे बारोक म्हणतात. सखाराम त्या कागदांना चिकटला तो चिकटलाच. पण वाजवलं की तोंड वाकडं करायचा. “ह्या पोलादी तारा लई किंचाळून राह्यल्या गड्या. तवाच्या लोकायचं असं नसन.”

एकदा बाजारातून जाताना रहीमचाचा पिंजाऱ्याच्या दुकानापाशी तो थबकला. चाचा धनुष्यासारख्या धनुकलीची दोरी छेडत कापूस पिंजत होते.

“चाचा, हे तार कायची?”

“तार नाई मास्तर, तांत हाय. बकऱ्याच्या आतड्याची.”

सखाराम तिथंच कापसात बसला! “मंग तवाच्या फिडललेबी हेच असन!” चाचांनी बारीक तांत वळून दिली, ती फिडलला चढली, आणि पहिला स्वर निघाला तो अगदी माणसाच्या गळ्यासारखा. “आता बोलून राह्यलं!” म्हणत सखाराम पोरासारखा हसत होता.

पुढची बारा वर्षं त्यानं वह्या लिहिल्या. ते लोक गज कसा धरत असतील, कागदावर नसलेल्या कोणत्या हरकती घेत असतील, आणि या सगळ्याचं मूळ तांतीत कसं आहे... सगळं वऱ्हाडीत. मुंबईच्या एका संगीतपंडितानं पुस्तक छापायचा शब्द दिला, म्हणून वह्या तिकडे गेल्या. आठ महिन्यांनी परत आल्या. ‘मले’चं ‘मला’ केलं, ठीक आहे. पण जिथं जिथं ‘तांत’, तिथं तिथं लाल पेन्सिलीनं काट मारून ‘तार’! शेवटी शेरा: ‘विषय युरोपचा, साधन पिंजाऱ्याचे. हास्यास्पद.’ या गृहस्थानं धनुकली कधी डोळ्यांनी तरी पाहिली होती का? आणि मी काय दिवे लावले? “तार तर तार, लिही,” म्हणालो, “छापून तरी येईल.” सखारामनं वह्या उचलून त्या जुन्या पेटीत टाकल्या. पुस्तक निघालंच नाही.

परवा मालेगावला सखारामच्या घरी जाऊन आलो. वहिनींनी फिडल पुढ्यात ठेवलं. त्यावर चार कोऱ्या पोलादी तारा! शाळेनं शोकसभेत टेबलावर ठेवायला नेलं होतं म्हणे. “हेडमास्तर म्हनले, जुन्या लई मळकट हायत, सभेत बऱ्या दिसत नाई,” वहिनी म्हणाल्या. सन्मान करतात मेले! मी तिथल्या तिथं चारही तारा उतरवल्या.

मग वहिनींनी मुंबईहून परत आलेली एक वही दिली. लाल काट मारलेल्या पहिल्याच ‘तांत’शेजारी सखारामचं बारीक अक्षर होतं: ‘शंका असन तं रहीमचाचाले इचारा.’

तसाच फिडल घेऊन चाचांकडे गेलो. चाचांना आता नीट दिसत नाही. तरी त्यांनी बोटांनी चाचपत तांत वळली, चढवली, एकदा छेडून पाहिली. आम्हां दोघांनाही वाजवता येत नाही. “वाजवनारा गेला,” चाचा म्हणाले, “पन आता थे खोटं तं बोलनार नाई.”

संपादकांना एकच सांगणं आहे. या लेखात मी जिथं तांत लिहिलं आहे, तिथं तांतच छापा.