कमी आकड्याची लॅब

बायकोच्या मायलोमासाठी आम्ही दर महिन्याला मुलुंडच्या एका लॅबमध्ये रक्त द्यायला जातो. तिथे एक गृहस्थ भेटायचे. त्यांनाही तोच रक्ताचा कॅन्सर. रक्तातल्या एम-प्रोटीनचा आकडा चढला की आजार वाढला, इतकं तिथल्या बाकावर सगळ्यांना ठाऊक असतं. हे मात्र आपला आकडा मुलाचे दहावीचे मार्क सांगावेत तसा सांगायचे आणि लगेच विचारायचे, "तुमचा किती, वहिनी? अरेरे!"

परवा आमचा रिपोर्ट घेऊन बाहेर पडलो, तर ते रस्त्यात भेटले.

"मी ही लॅब सोडली. इथे आकडा फार येतो हो. घाटकोपरला केला, झकास आला!"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"त्यांचं एकच तुणतुणं. दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, नाहीतर तुलना कशी करायची? त्यांना काय कळतंय! घाटकोपरला वाढला तर भांडुप आहे ना."

वजनकाटा बदलून बारीक होणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. रिक्षात बसल्यावर मी पोटभर हसलो. बायको हसली नाही. या वेळी तिचा आकडा वाढला होता. मांडीवरच्या रिपोर्टची घडी घालत तिने विचारलं, "घाटकोपरला नेमकं कुठे म्हणाले रे ते?"