आई प्रभुभोजन घेत नव्हती

मंगळवारी आईचं हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याआधीचा रविवार महिन्याचा पहिला, म्हणजे प्रभुभोजनाचा; येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. मुलुंडहून रिक्षाने आम्ही घाटकोपरच्या आमच्या मराठी चर्चला निघालो. आई निवांत बसली होती, घाबरलो होतो तो मी.

दोन वर्षं आईने प्रभुभोजन घेतलं नव्हतं, आणि त्याला कारण मी. बाबा गेले तेव्हा मी कामासाठी नागपूरला होतो. दादाने माझी वाट न पाहता शवपेटी बंद केली आणि दफन उरकलं. मी पोचलो तो थेट कबरीपाशी. तेव्हापासून मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. भावाशी अबोला धरून प्रभूच्या मेजाशी जायचं नाही, म्हणजे प्रभुभोजन घ्यायचं नाही, हे आमच्याकडे संडे स्कूलपासून शिकवतात. मी ते सोयीस्करपणे विसरलो. आईने मात्र शिक्षा स्वतःलाच लावून घेतली. तुमचं मिटेपर्यंत मी घेणार नाही, म्हणाली. भाकरीचं ताट, प्याल्यांचा ट्रे समोर आला की ती शेजारणीकडे सरकवायची.

मी तर चर्चच सोडलं होतं. उपासना मोबाईलवर दिसते, पवित्र शास्त्र घरात आहे, देव काय मुलुंडला येत नाही? मग ज्याचं तोंड बघायचं नाही त्याच्या पाठीमागे दोन तास कशाला बसायचं?

"त्यासाठीच बसायचं," आई म्हणायची. "नाहीतर चर्च हवंय कशाला?"

मला तो निव्वळ हट्ट वाटायचा. पण ऑपरेशनची तारीख लागली आणि माझी झोप उडाली. ती न घेताच गेली तर?

त्या रविवारी दादाशी आधीच बोलायचं ठरवलं होतं. पण तो आलाच नव्हता. पुढच्या बाकावरची त्याची जागा रिकामी. भाकरीचं ताट फिरलं, आईने हाताची घडी सोडली नाही. प्याल्यांचा ट्रे चार बाकं पुढे होता तेव्हा मी उठलो आणि लोकांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर पडलो.

दादा गेटपाशी स्कूटरला टेकून उभा होता.

"आत का नाही आलास?"

"मी आलो की तू उठून जाणार. ऑपरेशनच्या आधी आईसमोर तमाशा नको, म्हणून थांबलो."

मनात किती भाषणं तयार होती. तोंडातून एवढंच निघालं, "मला बाबांना बघायचं होतं रे."

"शवागाराचं कूलिंग बंद पडलं होतं, बघण्यासारखे राहिले नव्हते. हॉस्पिटलवाले म्हणाले, ताबडतोब न्या. हे तुला फोनवर कसं सांगणार होतो?"

दोन वर्षांत मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच इतकी लाज वाटली की वर बघवेना.

"चल ना आत," मी म्हणालो.

आम्ही शिरलो तेव्हा ट्रे मेजावर परत गेले होते आणि मेज झाकायचं पांढरं कापड हातात घेऊन, उपासना चालवणारे पाळकसाहेब नेहमीप्रमाणे विचारत होते, "कोणी राहिलं असल्यास हात वर करावा." आम्ही धावतच आईच्या बाकाशी जाऊन उभे राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं. मग रक्त काढल्याची पट्टी चिकटवलेला तिचा हात वर गेला.

पाळकसाहेब स्वतः खाली आले. तिने भाकर खाल्ली, प्याला घेतला, पदराने ओठ टिपले.

"झालं," ती म्हणाली. "आता मला काही नको."

ज्यासाठी एवढी धडपड केली, ते झालं होतं. आणि तेव्हाच मला खरी भीती वाटली. दोन वर्षं तिचं काहीतरी आमच्यापाशी अडून होतं, आता तेही सुटलं होतं, ती जायला मोकळी होती. मी दादाकडे पाहिलं. तो आईचा हात घट्ट धरून उभा होता. मी दुसरा धरला.