पाठ असलेला अल्बम

कॉलेजपासून आम्ही दोघं मित्र एकाच विलायती रॉक बँडचे वेडे. यंदा त्यांचे सगळे अल्बम पहिल्यापासून ओळीनं ऐकायचं ठरवलं होतं. अर्ध्यावर आलो आणि मित्राचं ऐकू येणंच गेलं. मग ऑपरेशन करून त्याच्या कानामागं ऐकू येण्याचं यंत्र बसवलं. त्यानंतर तो पहिल्यांदाच माझ्या सिडकोतल्या घरी गाणी ऐकायला आला होता.

थांबलो होतो तिथूनच पुढचा अल्बम लावला. त्याच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत होईना.

"काय ऐकू येतंय?" शेवटी विचारलं.

"पत्रे वाजल्यासारखं. इसमें गाना किधर है यार?"

मी बंद करायला उठलो.

"ठहर. पहिला अल्बम लाव. वो पूरा याद है मेरेकू."

लावला. तो ऐकत बसला. गाणं मधेच थांबून गिटार सुरू होते, त्या जागेच्या जरा आधी त्यानं हात उचलला आणि बरोबर गिटारच्या पहिल्या सुरावर मांडीवर मारला.

"आली ऐकू?"

"अर्धी कानात, अर्धी डोक्यात," तो म्हणाला. "आवाज वाढव."