एसी बंद करून भरलेली कॅसेट

काल एसी बंद पडला, खोली एकदम गप्प झाली आणि मला बहारीनमधल्या माहूज भागातला आमचा फ्लॅट आठवला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. खालच्या मजल्यावरचे नागपूरकडचे दोन एसी मेकॅनिक, जिवलग मित्र, दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचे. दोघांनी मिळून तिथेच दुकान काढायचं ठरवलं होतं. त्यातल्या एकाचं लग्न जमलं, आणि मुलीने कॅसेट पाठवून विचारलं, परत येणार की तिथेच राहणार? उत्तर भरायला टेपरेकॉर्डर आमचा. एसीच्या घरघरीत आवाज बुडेल म्हणून ऐन ऑगस्टमध्ये एसी बंद केला. मित्राने माझ्याकडे बघत बटण दाबलं. "बोल बे लवकर, नाहीतर वहिनी आज आपल्यालाच उकडून वाढतील." नवरदेव घाम पुसत पुटपुटला, "मी परत येतो. तिकडेच काम बघतो." तो परत जाणार, हे मित्रालाही तेव्हाच पहिल्यांदा कळत होतं. माझा वाढता हात थांबला. मित्राने टेप मागे फिरवली आणि पुन्हा बटण दाबलं. "नीट नाही आलं. जोरात बोल, तिला ऐकू गेलं पाहिजे." दुकान पुढे मित्राने एकट्यानेच काढलं. काल मेकॅनिकला फोन करून मी कामाला लागले. तो येईपर्यंत कानात मात्र तेच होतं, जोरात बोल.