पानगे आणि श्रीखंडाचा डबा

गरम प्लास्टिकचा वास आला की आजही माझं डोकं तापतं. मोखाड्याच्या कार्यालयात मला नोकरी लागून जेमतेम महिना झाला होता आणि पोशेऱ्याहून आई पहिल्यांदाच मला तिथे भेटायला आली होती. काकडी, गूळ आणि तांदळाच्या पिठाचे पानगे तिने पळसाच्या पानांत वाफवून तसेच आणले होते. जेवणाच्या सुट्टीत मी ते मायक्रोवेव्हमध्ये ठेवणार, तोच आमच्या वरिष्ठ मॅडम ओरडल्या, "अगं, पालापाचोळा काय घालतेस? पाड्यावरची चूल आहे का ही?" सगळे हसले. मॅडमनी पानं सोलून केराच्या टोपलीत टाकली, पानगे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरले आणि बटण दाबलं. गूळ उकळला, डबा वितळून पानग्यांना चिकटला. "फेकून दे, पोटात जायला नको ते," मॅडम म्हणाल्या. "पानानं चुलीवरची वाफ सोसली," आई हळूच म्हणाली, "मंग यात काय झालं असतं?" आणि मी, आईसमोर, "सॉरी मॅडम" म्हणाले. आता माझ्या टेबलाच्या खणात जाड काचेचा वाडगा असतो आणि आईचे पानगे मी त्यात पानांसकट गरम करते. मॅडमचा राग अजून आहेच, पण त्या सॉरीचा त्याहून जास्त आहे.