प्रागचं घड्याळ, सकाळी अकरा

प्रागला जायचं ठरलं आणि आमच्या जेवणाच्या टेबलावरून जेवण उठलं. यांनी तिथे कागद अंथरला. साधासुधा नव्हे, हडपसरच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात, ज्यावर पस्तीस वर्षं यंत्रांचे भाग काढले तसला भलामोठा जाड कागद. चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली होती: माझी लोणच्याची बरणी, वरवंटा, शब्दकोश आणि इस्त्री. पुढचे चार महिने आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

मुलगी बंगळुरूला असते. तिचं म्हणणं, सरळ एखाद्या टूरबरोबर जा, नाश्त्याला पोहेसुद्धा मिळतात. हे म्हणाले, पोहे खायला वारज्याहून इतक्या लांब कशाला जायचं. विषय संपला. सहलीची आखणी घरीच होणार, पेन्सिलीने होणार, आणि तीही हेच करणार असं ठरलं. मला चष्मा, गोळ्या आणि स्वेटर एवढंच खातं मिळालं.

प्रागच का, असं सगळे विचारायचे. त्याचं कारण एक घड्याळ. यांच्या कारखान्यात तिकडून आलेलं एक यंत्र होतं, आणि त्या यंत्राबरोबर एक कॅलेंडर आलं होतं. त्यावर प्रागच्या जुन्या चौकातल्या घड्याळाचा फोटो होता. सहाशे वर्षांपूर्वीचं घड्याळ. तास झाला की तबकडीशेजारी उभा असलेला हाडांचा सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, आणि बाजूच्या बाहुल्या मान हलवून नाही नाही म्हणतात. यांना सांगाड्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचा हात हलवणारी चक्रं आत कशी बसवली असतील, एवढंच कुतूहल. तो फोटो कापून यांनी निवृत्त होईपर्यंत ड्रॉइंग बोर्डाशेजारी लावला होता आणि नंतर घरी आणून फ्रिजवर चिकटवला. मी तेव्हाच म्हटलं होतं, हे अभद्र चित्र अन्नावर नको. हे म्हणाले, बरोबर आहे, त्याच्याकडे बघून कोणी जास्त जेवणार नाही.

यांचं बोलणं हे असं. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर दिलं तर आपली पुण्याई कमी होईल, अशी बहुधा यांची समजूत असावी. मी शनिवार पेठेतल्या एका शाळेत मराठी शिकवायचे. तास, तपासायच्या वह्या आणि मग वारज्याची बस. घरी पोचायला मला नेहमी उशीर. हे कारखान्याच्या गाडीने माझ्याआधी आलेले असायचे. मी बेल वाजवली की दार अर्धवट उघडून, अगदी गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "आपण कोण?" मी म्हणायचे, "पाहुणी. चहा मिळेल का?" मग हे दार पूर्ण उघडायचे आणि म्हणायचे, "आधण ठेवलंय." पंचवीस वर्षं रोज तेच तीन संवाद. आमच्यात प्रेमाचं म्हणून जे काही बोलणं झालं, ते बहुतेक एवढंच.

हे मी मुद्दाम सांगते आहे. नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणेल, ही बाई आंधळी होती की काय.

कागदावर आधी नदी आली, मग तिच्यावरचे पूल, मग चौक. जुन्या शहरातल्या गल्ल्या यांनी इतक्या बारकाईने काढल्या होत्या की मला त्या पाठ झाल्या. हॉटेलपासून चौकापर्यंत किती पावलं, ट्रामचा थांबा कुठे, बसायला बाक कुठे आहे, सगळं. उजव्या बाजूला दिवसांचे चौकोन होते, एकूण आठ. पहिल्या चौकोनात यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: सकाळी अकरा, घड्याळ.

काही दिवसांनी पुसायला म्हणून मी बरणी उचलली, तर चौथ्या चौकोनातही तेच. सकाळी अकरा, घड्याळ. मी म्हटलं, अहो, दोनदा बघायचंय का? यांनी कागदाकडे जरा वेळ पाहिलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. मग म्हणाले, "एकदा माझ्यासाठी, एकदा तुझ्यासाठी. तू पहिल्यांदा कुठे नीट बघणारेस?" मी हसले आणि बरणी जागेवर ठेवली.

ते जरा जास्त लांबलेलं बघणं मला आजही दिसतं. तेव्हाही दिसलं होतं. मी त्याला काही नाव दिलं नाही, एवढंच.

खाली बाकावर बसणाऱ्या मंडळींनी विचारलं, काय, प्रागची तयारी कुठवर आली? हे म्हणाले, जाऊन आलो. सगळे खो खो हसले. दूधवाल्याला एकाच सकाळी दोनदा पैसे देऊ केले; तो म्हणाला, काका माझी परीक्षा घेतात. मुलीने फोनवर विचारलं, बाबा, आज काय जेवलात? हे म्हणाले, "तुझ्या आईला विचार, तिला सगळं माहीत असतं." मुलगी हसली. मीही. आमच्या घरात या माणसाच्या बोलण्यावर हसायची सगळ्यांना इतकी सवय होती, की हसायच्या आधी ऐकायचं असतं हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

व्हिसाच्या कचेरीत खिडकीमागे एक तरुण मुलगी होती. ठसे घेतले, फोटो घेतले. यांच्या फायलीला क्रमवार खुणा लावलेल्या होत्या, ते पाहून ती खूश झाली. म्हणाली, "काका, सो ऑर्गनाइज्ड! युरोपला फर्स्ट टाइम ना?"

"नाही हो," हे म्हणाले. "परवाच गेलो होतो."

ती हसली.

"घड्याळ बंद होतं," हे पुढे म्हणाले. "परत जावं लागणार."

ती आणखी हसली, शेजारच्या खिडकीतल्या मुलालाही तिने ते सांगितलं. म्हणाली, "काकू, तुमची मजा असेल घरी." मी हो म्हटलं. पण जिना उतरताना मी ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिलं. मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं आहे: काल म्हणजे मागचा, उद्या म्हणजे पुढचा, पण परवा हा शब्द दोन्हीकडे चालतो. होऊन गेलेलाही परवा आणि यायचा आहे तोही परवा. कुठला ते नुसत्या शब्दावरून कळत नाही, क्रियापद ऐकावं लागतं. यांचं क्रियापद भूतकाळी होतं. आणि तोंडाचा तो कोपरा, जो थट्टा करताना किंचित वर जातो, तो जागेवरून हलला नव्हता. मी स्वतःला म्हटलं, निवृत्त झालीस तरी चुका काढायची खोड गेली नाही तुझी.

मग ती दुपार आली. हे पासपोर्टची झेरॉक्स काढायला कोपऱ्यावर गेले होते. दहा मिनिटांचं काम. दीड तास झाला, फोन घरातच टेबलावर वाजत होता. मी चप्पल घालून फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. तेवढ्यात एक रिक्षा आली आणि आतून हे उतरले, फाईल छातीशी धरून. शर्ट घामाने भिजलेला होता. सरळ लिफ्टकडे गेले.

रिक्षावाला उतरून माझ्याजवळ आला. म्हणाला, "काका नदीच्या पुलावर हुबे व्हते. मला म्हनले, इथं ट्राम कुठं थांबती? म्या म्हनलं, काका, पुन्यात कुठली आली ट्राम? तर म्हनले, मग मी उतरलो कशातून?" आणि तो हसायला लागला. "लई इनोदी हायेत तुमचे मालक. फायलीवर पत्ता व्हता, म्हनून आनलं."

मी त्याला चहाला वर बोलवायला हवं होतं. पण मला त्याच्या हसण्याचा इतका संताप आला की मी पैसे त्याच्या हातात कोंबले आणि वळले. तो बिचारा यांना सुखरूप घेऊन आला होता. त्याच्या जागी मी असते तरी हसलेच असते. आदल्या दिवसापर्यंत मी दुसरं काय करत होते?

वर आले तर हे आंघोळीला गेले होते. मी टेबलाशी गेले. बरणी उचलली, वरवंटा उचलला, शब्दकोश आणि इस्त्री खाली ठेवली आणि कागद उजेडाकडे वळवून पहिल्यांदाच नीट वाचला. आठ चौकोन. पहिल्यात सकाळी अकरा, घड्याळ. दुसऱ्यात सकाळी अकरा, घड्याळ. तिसऱ्यात. चौथ्यात. आठही चौकोनांत तेच, तेच सुबक अक्षर, आणि खाली खाडाखोडीची एकही खूण नाही. गल्ल्याही मी समजत होते तशा राहिल्या नव्हत्या. नदीच्या पलीकडे, किल्ल्याच्या टेकडीखाली, यांनी एक फाटक काढलं होतं, पुढे आमची इमारत, दोन जिने, आणि बाण करून लिहिलं होतं: घर. मी हातातला कागद तसाच धरून उभी राहिले. आतून आंघोळीच्या पाण्याचा आवाज येत होता आणि मला वाटत होतं, तो थांबू नये.

मुलीने फोनवरूनच डॉक्टर शोधले. यांना सांगितलं, प्रवासाआधी तपासणी लागते. हे म्हणाले, "बरोबर आहे, विमानात मेलो तर त्यांची गैरसोय." मला इतकं बरं वाटलं की मी रिक्षात यांचा हात धरला. असं बोलणारा माणूस आजारी कसा असेल?

डॉक्टर शांत होते, आमच्या मुलीच्या वयाचे. वार विचारला, महिना विचारला, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मग एक कोरा कागद पुढे सरकवून म्हणाले, "काका, एक घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं झालीत असं दाखवा."

मी मनात म्हटलं, विचारलंत ते बरं केलंत. घड्याळ यांना सांगता होय? यांनी पेन्सिल घेतली आणि एका फटक्यात वर्तुळ काढलं, कंपासने काढावं इतकं गोल. मग आकडे घालायला लागले. बारा, एक, दोन, तीन. सगळे उजवीकडे, एकमेकांना चिकटून. सातपर्यंत आले आणि खालपर्यंत जागा संपली. डावी बाजू कोरीच राहिली. काटे कुठे लावावेत म्हणून पेन्सिल थोडा वेळ हवेत फिरली आणि खाली आली.

"बाकीचे आकडे रजेवर आहेत," हे म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. इतक्या महिन्यांत न हसलेला तो पहिलाच माणूस. मला त्यांचा भयंकर राग आला. वाटलं, हसा ना हो, सगळे हसतात, तुमचं काय बिघडतंय?

पुढचे कागद, पुढची यंत्रं, आजाराचं नाव, हे सगळं सांगण्यासारखं नाही. डॉक्टर म्हणाले, परक्या शहरात आत्ता नेऊ नका. ओळखीचं जितकं आजूबाजूला असेल तितकं बरं. यांना हे मी सांगितलं नाही. कसं सांगणार होते? हे रोज सकाळी टेबलाशी बसत होते, पेन्सिलीला टोक करत होते, आणि आठ चौकोन संपल्यावर नवव्याची चौकट आखत होते.

एका सकाळी शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून मी शनिवार पेठेत गेले. आमची तिकिटं काढणाऱ्याचं दुकान माझ्या जुन्या शाळेच्या गल्लीतच आहे. त्याला म्हटलं, रद्द करा. त्याने विचारलं, पुढची तारीख टाकू? मी म्हटलं, नको. बसने परत येताना मी चोरी केल्यासारखी खिडकीबाहेर बघत होते. चाळीस वर्षं फोटोत जपलेली एक गोष्ट या माणसाने माझ्याकडे मागितली होती आणि मी ती त्यांच्या पाठीमागे मोडून आले होते.

बेल वाजवली. दार अर्धवट उघडलं.

"आपण कोण?" हे म्हणाले. चेहरा अगदी गंभीर.

सुटल्यासारखं झालं मला. रडू येईल की काय असं वाटलं. मी म्हटलं, "पाहुणी. चहा मिळेल का?"

"मिळेल की," हे म्हणाले आणि अदबीने बाजूला झाले. "या ना, बसा."

मी सोफ्यावर टेकले. आधणाचं वाक्य यायचं होतं, त्याची वाट बघत राहिले. हे स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून आत हाक मारली, "अगं, पाहुण्या आल्यात. चहा टाकतेस का?"

आत कोणी नव्हतं. हे उत्तरासाठी थांबले. मी त्यांच्या मागे वळण्याची, तोंडाचा तो कोपरा वर जाण्याची वाट बघत होते. हे वळले नाहीत. पुन्हा हाक मारली, "अगं?" आणि या वेळी आवाज जरासा घाबरलेला होता.

"टाकते हं," मी बसल्या जागेवरूनच म्हटलं.

आवाज ओळखून त्यांचे खांदे सैल पडले.